शिवारातल्या वावरांची, नाल्यांची जुनी नावं लिहून ठेवायचीत, सुरुवात कशी करू? (पांझरेकाठ, साक्री तालुका)

पांझराकाठ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या अगदी काठावर. मागच्या पावसाळ्यात आमचे आजोबा गेले. तेरावं झाल्यावर मी आणि भाऊ वावरात गेलो, नवीन सालदाराला सांगायचं होतं की मोटार कुठल्या विहिरीवरून काढून कुठल्या विहिरीवर बसवायची, आणि दोघांनाही त्या विहिरीचं नावच आठवेना. आजोबा एका शब्दात सांगायचे आणि समोरचा माणूस बरोबर तिथे जाऊन उभा राहायचा. भावाने शेवटी गट नंबर सांगितला, आता सालदाराला गट नंबर कुठून माहीत असणार, मग हात करून, झाड दाखवून, बांध दाखवून कसंतरी समजावलं. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, खरं सांगते. माणूस गेल्याचं रडून झालं होतं, हे वेगळंच होतं.

त्या रात्री वहीत आठवतील तेवढी नावं लिहिली. आंबाना मया (तिथे आता एकही आंबा नाही), कायी धोंड, फुटेल बंधारा, ठेलारीसनी बसनी (तिथे उन्हाळ्यात ठेलारी मेंढ्या बसवायचे), मायवालं, वरला फड, खालना फड (फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर मिळून भिजवायचा वावरांचा पट्टा). सव्वीस झाली आणि थांबली. आजोबांना शंभराच्या वर तरी माहीत असतील.

मध्यंतरी वाचनात आलं की स्कॉटलंडच्या बेटांवर एकेका पॅरिशमधली, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वाड्यावस्त्यांची, तिथल्या गॅलिक भाषेतली नावं गावचेच लोक फिरून गोळा करतात, प्रत्येक खडकाचं, ओहोळाचं, कुरणाच्या तुकड्याचं नाव आणि अर्थ. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. आपल्या शिवारात कुणी करेल का असं? मी करायला तयार आहे, सुट्टीच्या दिवशी माहेरी जाते, स्मार्टफोन आहे, वही आहे. पण प्रश्न पडलेत. आमच्या अहिराणीत बोलतात तसं "मया" लिहू की शुद्ध करून "मळा" लिहू? एकाच नावाचे दोन जण दोन अर्थ सांगतात तेव्हा काय करायचं, जसं मायवालं? आणि हे सगळं ठेवायचं कुठे, वही तर उद्या वाळवी खाईल. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

साखळी_आणे

ताई, मी भूकरमापक म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे. शंकू आणि साखळी घेऊन अर्धा खान्देश तुडवला, ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, म्हणून हे नाव घेतलंय. तुमचं वाचून बरं वाटलं.

पहिली गोष्ट, तुमच्या घरातला सातबारा काढून बघा. वरच्या भागात एक रकाना असतो, "शेताचे स्थानिक नाव". म्हणजे ज्याने हा नमुना बनवला त्याला माहीत होतं की वावराला नाव असतं. आता बहुतेक सातबाऱ्यांवर तिथे नुसती रेघ असते. पण जुने हाताने लिहिलेले उतारे मिळाले तर काही ठिकाणी नाव लिहिलेलं सापडतं, मला सापडलेत. नक्कल मागा, थोडी फी भरावी लागेल पण मिळते.

दुसरं म्हणजे गट पडले तेव्हा खरी गडबड झाली. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, गावात गट प्रत्यक्ष पडायला पुढे बरीच वर्षं लागली. चार सर्व्हे नंबरचा मिळून एक गट झाला की चार नावांपैकी तीन आपोआप मरतात, कारण बांधच मोडला. त्यामुळे नाव विचारताना सर्व्हे नंबरचा जुना नकाशा सोबत ठेवा, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात गट नसतो, जुने बांध असतात. त्याला तुम्ही आजच्या नकाशावर बोट ठेवायला सांगाल तर तो गोंधळेल आणि तुम्हाला वाटेल की त्याला आठवत नाही.

तिसरं, घरातल्या ट्रंकेतली जुनी खरेदीखतं, गहाणखतं उघडा. त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, पूर्वेस अमक्याचं अमुक वावर, पश्चिमेस नाला, दक्षिणेस पांद. लिहिणारा त्या गावचाच असेल तर नावं जशीच्या तशी मिळतात. अशी सोन्यासारखी माहिती लोक रद्दीत घालतात हो, फार वाईट वाटतं.

इन्व्हरनेसवरून_चोपडेकर

ताई, तुम्ही जिथलं वाचलं त्याच्या बऱ्यापैकी जवळ राहतो म्हणून लिहितोय. मूळचा चोपड्याचा, कामानिमित्त सहा वर्षं झाली इकडे. बेटांवर चार-पाच वेळा जाऊन आलो, एका जाणत्या आजोबांबरोबर दिवसभर फिरलोही, कारण मलाही तेच वाटलं होतं जे तुम्हाला वाटलं.

तुमच्या "मया की मळा" ला इथला इतिहासच उत्तर देतो. १९ व्या शतकात सरकारी सर्व्हेवाले बेटांवर आले, नकाशे फार बारकाईने काढले, त्यात खोट नाही. नावांसाठी त्यांनी छापील वह्या ठेवल्या होत्या, एका रकान्यात नाव, दुसऱ्यात स्पेलिंगचे प्रकार, तिसऱ्यात हे कुणी सांगितलं त्याचं नाव, मग जागा आणि वर्णन. पद्धत एकदम चोख. पण सांगणारा म्हणून जमीनदार, पाद्री, मास्तर असली "प्रतिष्ठित" माणसं आधी धरायची, लहान शेतकरी आणि झोपडीतल्या माणसावर विसंबू नका अशी सूचनाच होती. आणि मोजणी करणाऱ्या कित्येकांना गॅलिक येत नव्हतं. मग जे व्हायचं ते झालं. मल बेटावर एक गाव आहे, गॅलिकमध्ये तोबर व्होरे, तोबर म्हणजे विहीर आणि व्होरे म्हणजे मेरीची, मेरीमातेची विहीर. इंग्रजीत त्याचं आधीच टोबरमोरी झालं होतं, नकाशावरही तेच राहिलं. आता टोबरमोरी म्हटल्यावर विहीर दिसते का कुणाला? "मया" चं "मळा" केलंत तर इतकं नुकसान होणार नाही, मान्य, पण आवाज जाईलच. तेव्हा दोन्ही लिहा, आधी तोंडातलं, मग शेजारी प्रमाण रूप.

अर्थाच्या बाबतीत स्काय बेटावरचं पोर्ट्री घ्या. सगळे सांगतात "राजाचं बंदर", कारण १५४० मध्ये राजा पाचवा जेम्स तिथे आला होता. पण गॅलिक जाणणारे काही अभ्यासक म्हणतात की बोलताना जो उच्चार होतो तो राजाचा नाहीच, तो डोंगराच्या उताराचा आहे, "उतारावरचं बंदर". दोन्ही अर्थ लोक सांगतात, दोन्ही छापले जातात. तुमच्या मायवालंसारखंच आहे हे.

तुमच्या "ठेलारीसनी बसनी" वर तर मी थांबलोच. इथे ऐरी म्हणून शब्द आहे, उन्हाळ्यात गुरं वर डोंगरावर न्यायची आणि बायकापोरं तिथल्या छोट्या दगडी खोपट्यांत राहायची, दूधदुभतं तिथेच. आता कुणी जात नाही, खोपटी पडली, पण नकाशाभर ऐरी विखुरलेल्या आहेत. ते आजोबा मला एका नुसत्या गवताच्या उंचवट्यापाशी घेऊन गेले, चार दगड होते, आणि कुणाची ऐरी ते सांगितलं. बाईचं नाव होतं. नंतर काही बोलले नाहीत, टोपी काढून हातात धरून उभे राहिले. मला आमचे सातपुड्याच्या पायथ्याचे गुराखी आठवले.

एक अजून, लुईस बेटावर शॉबोस्ट, लिउरबोस्ट अशी गावं आहेत, त्यातलं बोस्ट हे गॅलिक नाहीच, नॉर्स आहे, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतलं, अर्थ शेतवाडी. ही बेटं १२६६ पर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होती. तेव्हा तुमच्या शिवारातही एखादं नाव अहिराणी लावून उलगडत नसेल तर ते भिली किंवा गुजरी किंवा फारसीतून आलेलं असू शकतं, ओढूनताणून अर्थ लावू नका.

गिरणाथडी

चोपडेकर भाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. मी कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे अर्थाबद्दल थोडं.

लोकांना नावाचा अर्थ विचारला की लोक अर्थ बनवून देतात. खोटं बोलत नाहीत ती माणसं, विचारलं म्हणून मनापासून शोधतात. आपल्या खान्देश या नावाचंच बघा, कुणी कान्हाचा देश म्हणतं, कुणी फारुकी राजांना मिळालेल्या "खान" किताबावरून म्हणतं, त्याआधी यादवांच्या काळात सेऊणदेश हे नाव होतंच. आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने मुलाच्या, दानियालच्या नावावरून सुभ्याचं नाव दानदेश ठेवलं. बादशहाचं फर्मान असून ते नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही. म्हणून मी मुलांना सांगते की कागद काय म्हणतो ते लिहा, पण तोंड काय म्हणतं ते आधी लिहा.

अमळनेर, जामनेर, पिंपळनेर यातलं नेर हे नगर, नयर, नेर असं झिजत आलं असं सांगतात. ते नीर म्हणजे पाणी असंही लोक हौसेने सांगतात, कारण गाव नदीकाठी असतं. पण नदीकाठी कुठलं गाव नसतं हो आपल्याकडे?

तर माझी विनंती, "या नावाचा अर्थ काय" हा प्रश्न शेवटी विचारा किंवा विचारूच नका. "काल गुरं कुठं नेलती", "पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत चढलं होतं", "तुमचं लगीन झालं तेव्हा पहिल्यांदा निंदायला कोणत्या वावरात गेलात" असं विचारा. नाव आपोआप वाक्यात येतं, विभक्तीसकट येतं, आणि उच्चार खरा येतो. आणि बायकांना वेगळं विचारा, पुरुष समोर नसताना. पुरुष वावरांची नावं सांगतील. पाणवठे, सरपणाच्या जागा, धुण्याचे दगड, कुठल्या झाडाखाली बाळाची झोळी बांधायची, ती सगळी नावं बायकांकडे असतात आणि कुणी विचारलेलीच नसतात.

सातपुडा_अलीकडे

मी पावरा आहे, आमचं मूळ गाव नर्मदेच्या काठी अक्राणी तालुक्यात होतं, आता तळोद्याकडे पुनर्वसन वसाहतीत राहतो. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली त्यातलं आमचं एक. ताई तुमच्याकडे निदान वावर जागेवर आहे. आमच्याकडे नाव आहे आणि जागा पाण्याखाली आहे.

माझी आजी अजून सांगते, अमुक दगडावर मासे मिळायचे, अमुक वळणावर होडी लागायची. पाड्यांची नावं, ओहोळांची, प्रत्येक मोहाच्या झाडाला नाव होतं कारण झाड कुणाचं ते ठरलेलं असायचं. सातपुड्यात आंबा, पाणी, झिरा अशी शेपटं असलेली गावं खूप, लंगडा आंबा, वाघझिरा, म्हणजे नावावरूनच कळतं की पाणी कुठे आहे. नवीन वसाहतीत आल्यावर प्लॉटला नंबर मिळाले. आजीने दोन वर्षांत आमच्या प्लॉटच्या मागच्या नालीला जुन्या ओहोळाचं नाव देऊन टाकलं, आता आम्ही सगळे तेच म्हणतो, पोरांना वाटतं नालीचंच नाव आहे.

मी तिचं रेकॉर्डिंग करतोय गेल्या दिवाळीपासून. एक चूक केली ती सांगतो म्हणजे तुम्ही करू नका. सुरुवातीचं सगळं व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेजवर घेतलं, आवाज दाबला जातो, पावरीतले काही आवाज नीट ओळखूच येत नाहीत आता. फोनमधलं रेकॉर्डर ॲप वापरा, सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबणारा प्रकार) निवडा, जागा जास्त खाईल पण खाऊ द्या. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतः बोला, आज तारीख काय, कुठे उभे आहोत, समोर कोण आहे, आणि त्यांची परवानगी त्यांच्याच तोंडून घ्या.

बोरीकाठचा

एक अवघड विषय आहे पण काढतो, कारण कुणी काढणार नाही. प्रत्येक शिवारात जातीवरून पडलेली नावं आहेत. आमच्या वाडवडिलांना वतनात मिळालेल्या तुकड्याला अख्खं गाव जातीच्या नावानेच ओळखतं. १९५८ च्या कायद्याने ती वतनं संपली पण नाव चिकटलं ते चिकटलं. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, वावरांच्या नावाला कोण हात लावणार.

ताई, तुम्ही हे नाव पुसून टाका असं मी म्हणणार नाही. पुसलं तर तिथे आम्हाला काय मिळालं होतं आणि त्या बदल्यात काय राबावं लागायचं त्याचा पुरावाच जातो. पण नकाशावर मोठ्या अक्षरात लावूही नका. वहीत ठेवा, आणि त्या घरातल्या माणसांना विचारा की तुम्ही या वावराला घरात काय म्हणता. माझी आजी त्याला "हिरीवालं" म्हणायची, विहिरीवालं, कारण ती विहीर तिच्या सासऱ्याने आणि दिरांनी खणली होती. नकाशावर काय लावायचं ते आम्हाला विचाराल तर आम्ही तेच सांगू.

पांझराकाठ

बोरीकाठचे दादा, मनापासून आभार. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि माझ्या सव्वीसच्या यादीत असं एक नाव आहे, मी ते न विचार करता लिहून टाकलं होतं. त्या घरी जाऊन विचारते.

बाकी सगळ्यांना, ठेवायचं कुठे याचं अजून कुणी सांगितलं नाही.

इन्व्हरनेसवरून_चोपडेकर

सॉरी ताई, राहिलं. मूळ रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा, फोन सोडून. एक पेनड्राइव्ह घरात, एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे, एक ऑनलाइन. जागा दाखवायला ओपनस्ट्रीटमॅप चांगलं, फुकट आहे, कुणीही दुरुस्त करू शकतं, त्यात एका जागेला अनेक भाषांत नाव देता येतं आणि अहिराणीला स्वतःचा भाषा-कोड आहे, ए एच आर. म्हणजे मराठी रकान्यात मळा आणि अहिराणी रकान्यात मया, दोन्ही राहतं. ज्या नावांना लोकांचा होकार आहे तेवढीच टाका.

इथे तोबर अन दुअलखस नावाची वेबसाइट आहे, एडिंबरा विद्यापीठाने १९५१ पासून गावोगाव फिरून केलेली रेकॉर्डिंग त्यावर ऐकायला मिळतात, गाणी, गोष्टी, गावगप्पा. नावाचा अर्थ वारशाची विहीर. तोच तोबर, टोबरमोरीतला. लुईसच्या उत्तर टोकाला नेस भागात तर १९७७ साली गावकऱ्यांनीच इतिहास मंडळ काढलं, मग बाकीच्या गावांनी बघून बघून काढली. २०११ च्या जनगणनेत सगळ्या स्कॉटलंडमध्ये मिळून गॅलिक बोलणारे ५७ हजारांच्या आसपास होते. आपली अहिराणी बोलणारे किती लाख आहेत बघा, माणसं आहेत आपल्याकडे, अजून आहेत.

साखळी_आणे

फडाचं विसरू नका ताई. पांझरेचा फड हा चार माणसांत वाटलेलं पाणी आहे, त्यात पाटाचं, चारीचं, प्रत्येक फडाचं नाव असतं, आणि पाटकरी (पाणी सोडणारा), जागल्या (राखण करणारा) यांना ती पाठ असतात कारण पाणी फिरवायला रात्री अंधारात जावं लागायचं. तुमच्याकडे जुना पाटकरी कुणी हयात असेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडे जा. बाकी वावरं कुठे पळून जात नाहीत.

पांझराकाठ

परवा जाऊन आले, सांगते काय झालं.

आमच्या गल्लीत एक आप्पा आहेत, पंच्याऐंशी तरी असतील, गुडघे गेलेत, त्यांना भावाच्या मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. मी मागून चालत. गिरणाथडी ताईंनी सांगितलं तसं अर्थ विचारला नाही. फक्त म्हटलं, आप्पा, त्या मोठ्या पुरात तुम्ही कुठं होतात. बस. फुटेल बंधाऱ्यापासून सुरू झाले ते थांबायलाच तयार नाहीत, त्यांनी एकट्यांनी सत्तेचाळीस नावं दिली, त्यातली एकतीस माझ्याकडे नव्हती. प्रत्येक ठिकाणी मोटरसायकल थांबवायला लावायचे, काठीने दाखवायचे आणि म्हणायचे, "हाई देख, हाई." आणि ती विहीर सापडली, आजोबांची. डोबी. एवढंच नाव आहे. कधीकाळी तिथे म्हशी डुंबायच्या असा डोबरा होता, मग तिथेच विहीर खणली. भाऊ एकदम म्हणाला हां डोबी, डोबी, आणि आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो थोडा वेळ.

मायवालं बद्दल. गावात बहुतेक जण सांगतात की एका पाटलाने ते आपल्या आईला, मायला, खर्चापाण्याला दिलं होतं. आप्पा म्हणाले, "माय कसानी, माळ व्हता तो, निस्ता धोंडा." अहिराणीत माळचं माय होतं, मळ्याचं मया होतं तसं, हे मला त्या क्षणी कळलं. आणि खरंच तिथे उभं राहून बघितलं तर उतार आहे, दोन वितीवर मुरूम लागतो, आज ठिबकवर कपाशी आहे म्हणून ओळखू येत नाही इतकंच. रात्री साखळी काकांचं ऐकून ट्रंक उघडली, शेजारच्या वावराचं खरेदीखत सापडलं, शाई उडालेली, पण चतुःसीमेत "दक्षिणेस माळवालें" स्पष्ट वाचता येतं.

मी आजीला सांगायला गेले तर ती ऐकून घेईना. म्हणाली, कागदात काय बी असो, मी नवी नवरी होते तेव्हा त्या वावरात माझ्या सासूने मला पहिली भाकर दिली, माझ्यासाठी ते मायचंच. मी तिचंही रेकॉर्डिंग केलं. दोन फाइल आहेत आता, एकाच नावाच्या, आप्पांची आणि आजीची, दोन्ही ठेवल्यात.

जुने पाटकरी एक आहेत, शेजारच्या गावात, कमी ऐकू येतं पण बोलतात चांगलं. येत्या रविवारी त्यांच्याबरोबर वरल्या फडापासून खाली नदीपर्यंत पाटाच्या कडेने चालत जायचं ठरलंय. साक्री, पिंपळनेरकडचं कुणी असेल आणि यायचं असेल तर मेसेज करा, ऊन चढायच्या आत निघायचंय, सकाळी सहाला. पाणी आणि टोपी आणा, चहा माझ्याकडे.

सातपुडा_अलीकडे

मी येतो. आजीलाही विचारतो, तिला पाट बघायचा आहे.